ते पिवळं

आमटीला फोडणी द्यायची होती. आक्कानं तेल तापवलं, मोहरी टाकली, ती तडतडली, जिऱ्याचा वास सुटला आणि मिसळणाच्या डब्यावर तिचा हात तसाच थांबला. डबा उघडा होता. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. "ते दे गं," ती म्हणाली. मी विचारलं, "काय?" तिनं डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. "ते... ते पिवळं," ती म्हणाली. मी घाईघाईनं "हळद होय?" म्हटलं आणि चमचा उचलून तेलात टाकलीसुद्धा. कढीलिंबाची पानं चुरचुरली, डाळ ओतली गेली, झाकण पडलं. आक्का ओट्याला टेकून उभी होती आणि कढईकडे बघत नव्हती. ती माझ्या हातातल्या चमच्याकडे बघत होती. चमच्याच्या कडेला थोडी हळद चिकटून राहिली होती.

सांगलीत, आमच्या घरात, आक्काला हळद हा शब्द सापडला नाही.

गणपती पेठेत आण्णांची अडत होती. आम्ही दोघी पोत्यांच्या थप्पीवर बसून मोठ्या झालो असं म्हटलं तरी चालेल. जानेवारी-फेब्रुवारीत नवी हळद यायला लागली की शाळेच्या पांढऱ्या फ्रॉकना पिवळी झाक यायची आणि आई साबण घासून घासून कंटाळायची. मला त्या व्यापारात कधी गोडी वाटली नाही. मी पुस्तकं घेऊन माडीवर जायची. आक्का मात्र आण्णांच्या गादीशेजारी चिकटून बसायची. राजापुरी कुठली, सेलम कुठली, हळकुंड कसं, गट्टा कसा, कणी किती निघेल, हे तिला दहाव्या वर्षी कळत होतं. हळकुंड दोन्ही हातांत धरून मोडायची आणि कानाशी न्यायची. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना खणकन वाजतं, ओल राहिली असेल तर बद्द आवाज येतो. आण्णा गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, "पोरीला ऐकू दे आधी." पुढे लग्न झालं तेही हळदीच्याच घरात. दाजींच्या वखारीचा हिशेब आक्कानं चाळीस वर्षं तोंडी ठेवला. चोपडी होती, मुनीम होते, नंतर कॉम्प्युटरही आला. पण कुणाची किती पोती, कुणाची उचल किती, कुणाच्या मालाला ओल धरली होती, हे विचारायचं तर आक्कालाच. अशा बाईला तो शब्द आठवेना, तेव्हा मला भीती वाटली. स्तनात गाठ निघाली त्या दिवशी वाटली होती त्याहून वेगळी आणि मला वाटतं, जास्त.

केमो मिरजेला चालू होती. चार वेळा ते लाल औषध, एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतरानं, सोबत सायक्लोफॉस्फमाइड. नंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, बारा वेळा. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. नर्स मोठी सिरिंज घेऊन खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि चालू सलाईनमध्ये ते अगदी सावकाश सोडायची. नळीतून डाळिंबाच्या रसासारखा रंग पुढे सरकत जायचा. आक्का त्या वेळी डोळे मिटून घ्यायची. घरी आल्यावर लघवी लाल व्हायची, ते आधी सांगितलेलं असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. केस गेले, तोंड आलं, काउंट खाली गेले, ताप आला, पुन्हा भरती झाली. यातलं सगळं फाईलमध्ये लिहिलं गेलं. एक गोष्ट मात्र कुठेच लिहिली गेली नाही. तिसऱ्या सायकलनंतर आक्का म्हणायला लागली, "डोक्यात सरकी भरल्यागत झालंय." गॅसवर दूध ठेवून विसरायची. मालिकेत कोण कुणाची सून ते तिला लागेना. फोनवर बोलता बोलता वाक्य मध्येच सुटायचं. आम्ही काय म्हणायचो? "वय झालं की आक्का." "झोप नाही ना लागत, त्यामुळे." "टेन्शन घेऊ नकोस." तपासायला आलेल्या एका तरुण डॉक्टरांना तिनं हे सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी "अशक्तपणा असतो" म्हणून पुढच्या खाटेकडे मोर्चा वळवला. त्या दिवशी परतताना गाडीत आक्का एक शब्द बोलली नाही. ती खोटं सांगत नव्हती, वाढवूनही सांगत नव्हती. चाळीस वर्षं स्वतःच्या डोक्यावर घर आणि वखार चालवलेल्या बाईला आपलं डोकं कुठे अडतंय हे दुसऱ्या कुणापेक्षा आधी कळणार, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही.

ते पिवळं ऐकल्यानंतर मी वाचायला बसले. शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलेलं असल्यामुळे अगदीच अंधारात नव्हते. या त्रासाला डॉक्टरांच्या जगातही नाव आहे, केमो ब्रेन. तो सगळ्यांना होत नाही, सारखा होत नाही, बऱ्याच जणांना काही महिन्यांत उतरतो, काहींना वर्षानुवर्षं थोडा थोडा राहतो. त्यात झोप न लागण्याचा, रक्त कमी होण्याचा, भीतीचा, पाळी अकाली जाण्याचा वाटा असतोच. पण सगळं त्यांच्यावर ढकलून चालत नाही. आपला मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के, आणि प्राणवायू खातो वीस टक्क्यांच्या आसपास. शिवाय त्याची घडण चरबीची, तीही लवकर खवट होणाऱ्या जातीची. वर्गात मी हे शेंगतेलाच्या उदाहरणानं शिकवायची. बुधला उघडा ठेवला की तेलाला वास मारतो, तो हवेतल्या प्राणवायूमुळे. तसंच काहीसं पेशीत होतं. डॉक्सोरुबिसिन पेशीत शिरलं की डीएनएची कामं बिघडवतं, आणि शिवाय प्राणवायूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवून त्याला सैरभैर करून सोडतं. ते सैरभैर रेणू दिसेल त्याला चावत सुटतात. नवल असं की हे औषध स्वतः मेंदूत फारसं शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी भिंत असते ती त्याला बाहेरच अडवते. पण त्याच्यामुळे रक्तात टीएनएफ-अल्फा नावाचं, सूज पेटवणारं द्रव्य वाढतं, आणि त्याला मात्र आत जायची वाट असते. मग मेंदूच्या पेशींतली ऊर्जेची केंद्रं, ज्यांना मी फळ्यावर चपलेच्या आकाराची काढायची ती तंतुकणिका, बिघडतात. हे प्राण्यांच्या मेंदूत मोजून पाहिलेलं आहे. मी ते वाचलं आणि मला रडू आलं. आक्काच्या डोक्यात खरंच काहीतरी होत होतं, आणि आम्ही तिला वयाची कारणं सांगत बसलो होतो.

आणि मग, त्याच वाचनात, हळद आली.

उंदरांवरचे प्रयोग होते. एका मोठ्या गोल हौदात गढूळ केलेलं पाणी असतं, पाण्याखाली एक छोटा ओटा दडवलेला असतो. उंदीर पोहतो, धडपडतो, शेवटी ओटा सापडतो, त्यावर चढतो. चार-सहा दिवसांत भिंतीवरच्या खुणा बघून तो सरळ ओट्याकडे जायला शिकतो. डॉक्सोरुबिसिन दिलेला उंदीर भरकटतो. कडेकडेनं फिरत राहतो, ओट्याच्या जवळून पुढे निघून जातो. सोबत कुर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, दिलेले उंदीर त्या मानानं लवकर पोचतात. त्यांच्या मेंदूत चरबी खवटल्याची खूण कमी असते आणि ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचा स्वतःचा गंजरोधक म्हणा, जास्त शिल्लक असतो. कुर्क्युमिनसारखंच रेझव्हेराट्रॉल, जे द्राक्षाच्या सालीत असतं. कांद्यातलं क्वेर्सेटिन, चहातली कॅटेचिनं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. एका बाजूला तासगावची द्राक्षं आणि बेदाणा, दुसऱ्या बाजूला आमची हळद. औषध आपल्या दारात उभं आहे आणि आपण ते जेवणात चिमूटभर घालतोय, असं वाटून गेलं. शिक्षिकेच्या सवयीनं हिशेब मांडला. हळदीत कुर्क्युमिन धरा तीन टक्के. आमटीला पाव चमचा हळद म्हणजे पाऊण ग्रॅम, त्यात कुर्क्युमिन वीस-बावीस मिलिग्रॅम. ती आमटी चौघांत वाटायची. त्यातलंही रक्तात जवळजवळ काही पोचत नाही, कारण आतडं आणि यकृत ते लगोलग निकालात काढतात. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की सोबत मिऱ्यातलं पिपेरीन दिलं तर माणसाच्या रक्तात कुर्क्युमिन वीस पट चढतं. म्हणजे कॅप्सूलच हवी, आणि मिरी घातलेलीच हवी. पुण्याच्या भाचीला फोन केला. तिसऱ्या दिवशी साठ कॅप्सूलांची बाटली घरी.

मी डॉक्टरांना विचारलं नाही. हे मला सरळ लिहायचं आहे. विचारावंसं वाटलं नाही असं नाही. ते नको म्हणतील ही भीती होती, आणि दुसरं म्हणजे, हळदीला कोण नको म्हणेल? जखमेला हळद, खोकल्याला हळदीचं दूध, नवरीच्या अंगाला हळद, जेजुरीला भंडारा. ज्या हळदीच्या पेटंटसाठी आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी विज्ञान-संशोधन परिषदेनं, अमेरिकेत भांडण मांडलं आणि १९९७ साली ते रद्द करून घेतलं, ती हळद. आक्काला सांगितलं, बळ येण्याच्या गोळ्या आहेत. सकाळी एक, रात्री एक. अकरा दिवस.

बाराव्या रात्री मला पुढचं सापडलं. खरं तर ते आधीच समोर होतं, मीच तिथपर्यंत वाचलं नव्हतं. २००२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी घेतल्या, त्यांना केमोची औषधं दिली आणि सोबत कुर्क्युमिन. त्या औषधांत डॉक्सोरुबिसिन होतं. कुर्क्युमिनमुळे कर्कपेशी मरायच्या कमी झाल्या. मग उंदरांच्या अन्नात कुर्क्युमिन घालून सायक्लोफॉस्फमाइड दिलं, तर गाठ जितकी आक्रसायला हवी तितकी आक्रसली नाही. दोन्ही नावं मी आक्काच्या फाईलवर रोज वाचत होते. केमोचं औषध गाठीत जी जाळपोळ करतं, तिच्यातला काही भाग त्याच सैरभैर प्राणवायूचा असतो. मेंदूतली आग विझवायला मी पाणी ओतत होते, ते पाणी गाठीकडे जाणार नाही असं मला कुणी सांगितलं होतं? उलट सांगणारे प्रयोगही आहेत, कुर्क्युमिननं कर्कपेशी औषधाला जास्त बळी पडतात असे. पण तेही बशीतले आणि उंदरातले. माणसांचं म्हणाल तर २०२० साली ११३४ स्तन-कर्करोगी बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांनी केमोच्या आधी आणि केमो चालू असतानाही जीवनसत्त्व अ, क, ई, कॅरोटिनॉइड, को-एन्झाइम क्यू-१० अशा ऑक्सिडेशनविरोधी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात रोग उलटण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी जास्त दिसलं. संख्याशास्त्राच्या काटेकोर मापात तो आकडा जेमतेम काठावर बसतो आणि त्या यादीत हळद नव्हती, हे मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. झोप आली नाही. आक्का शेजारच्या खोलीत खोकत होती. पिपेरीनचं तर आणखी वेगळं. यकृतातली जी विकरं कुर्क्युमिनला निकालात काढतात, त्यांना ते दाबतं म्हणूनच कुर्क्युमिन रक्तात टिकतं. केमोच्या काही औषधांची विल्हेवाटही शरीरातल्या अशाच वाटांनी लागते. मी कशाचं प्रमाण वाढवत होते आणि कशाचं कमी करत होते?

सकाळी मी पहिल्या गाडीनं मिरजेला गेले. एकटी. डॉक्टरबाईंना बाटली दाखवली आणि सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा वर करून पूर्ण वाचलं, फाईलवर तारखा लिहिल्या, यकृताची तपासणी आणखी एकदा लिहून दिली आणि म्हणाल्या, "आजपासून बंद. स्वयंपाकातली हळद खुशाल खाऊ दे, द्राक्षं धुऊन खाऊ दे. हे मात्र नको." मी विचारलं, नुकसान झालं असेल का? त्या म्हणाल्या, "अकरा दिवसांनी काय झालं असेल ते मला सांगता येणार नाही. पण सांगायला आलात हे बरं केलंत." मग त्यांनी मला उलट विचारलं, "त्यांना माहिती आहे का, ह्या कशाच्या गोळ्या आहेत ते?"

घरी येऊन आक्काला सांगितलं. ती दारात खुर्ची टाकून उन्हात बसली होती, डोक्याला सुती रुमाल. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठाऊक होतं की मला. दुसऱ्याच दिवशी फोडून बघितली एक. बोटं पिवळी झाली, पण वासच नाही त्याला. तेल सगळं काढून घेतलंय आणि नुसता रंग ठेवलाय." मी बघत राहिले. ते अगदी बरोबर होतं. अर्क काढताना हळदीचं सुवासिक तेल बाजूला जातं आणि मागे राहते ती जवळजवळ निर्गंध केशरी पूड. शब्द हरवलेल्या बाईच्या नाकाला आणि बोटांना हळद पक्की ठाऊक होती. "मग घेत का राहिलीस?" मी विचारलं. "तू एवढ्या मायेनं आणून दिल्यास," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "आणि मलाही वाटलं गं, येईल डोकं ताळ्यावर."

लाल औषध संपून पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं, तेव्हा मी तिला सांगितलं की हे मुळात झाडाच्या सालीतून सापडलेलं औषध आहे, अमेरिकेतल्या पॅसिफिक यू नावाच्या वृक्षाच्या. तिला ते फार आवडलं. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतूनही कर्करोगाची औषधं निघतात, व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टीन आजही वापरतात, हेही सांगितलं. ती कुंडीकडे बघत म्हणाली, "म्हणजे झाडाचंच विख की." मला त्या क्षणापर्यंत झाडपाला आणि औषध अशा दोन वेगळ्या थप्प्या वाटत होत्या. आक्कानं दोन्ही पोती एकाच काट्यावर ठेवली.

त्या दिवसांत मला हरिपूरची हळद साठवायची पेवं फार आठवायची. आता तिथं फारसं काही उरलेलं नाही. २००५च्या पुरात पाणी शिरलं, आतली हळद कुजली, आणि मग सगळे गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. पण आम्ही लहान असताना आण्णा आम्हाला पेव उघडायला घेऊन जायचे. संगमाच्या अलीकडची ती घट्ट माती, तिच्यात रांजणासारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत पाल्याचा थर, मग हळद, शेकडो पोती, वरून माती लिंपून बंद. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, कीड लागायची नाही. कारण आत प्राणवायूच उरायचा नाही. किडा जगणार कसा? आणि याच कारणानं पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही. तोंडावरची माती काढायची आणि थांबायचं. तासन्‌तास. मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. ज्योत विझली तर अजून थांबायचं. घाई केलेल्या माणसांच्या गोष्टी हमाल हळू आवाजात सांगायचे. मला आठवतं ते आक्काचं तोंड, दहा-अकरा वर्षांची, पेवाच्या कडेला पालथी पडून खाली बघणारी, कंदिलाचा उजेड खालून हनुवटीवर पडलेला, आणि वर येणारी ती जुन्या हळदीची उबट, मातकट वाफ. "आण्णा, आता उतरायचं?" "थांब." "आता?" "थांब जरा बाळ."

आता मी ठरवून थांबते. सुरुवातीला फार जड गेलं. आक्का शब्दासाठी अडली की आम्ही सगळे तुटून पडायचो. दाजी एक सुचवायचे, मी दुसरा, नातू तिसरा, आणि तेवढ्यात तिच्या मनातला जो यायच्या बेतात होता तोही पळून जायचा. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं साधंच होतं. रोज चालायचं, कारण या त्रासात व्यायामानं फरक पडतो असे पुरावे जमत चालले आहेत. झोपेची वेळ मोडायची नाही, एका वेळी एकच काम, आणि लिहून ठेवायचं. म्हणून आम्ही रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जातो, आयर्विन पुलाच्या कमानी दिसतात तिथपर्यंत चालतो आणि परत फिरतो. तिच्या पर्समध्ये छोटी वही असते. त्यात दुधाचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा आणि मधूनच एखादा एकटा शब्द असतो. एका पानावर फक्त "किसणी" लिहिलंय. दुसऱ्यावर "हळद", दोनदा, आणि खाली रेघ ओढलेली.

केमो संपून आता दहा महिने होतील. केस आलेत, कुरळे, आधी कधी नव्हते तसे. बरीचशी पूर्वीची आक्का परत आली आहे आणि थोडी आलेली नाही. त्या अकरा दिवसांचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही. दर तीन महिन्यांच्या तपासणीला मी तिच्या शेजारी बसते आणि तो प्रश्न माझ्या मांडीवर असतो. बाटली मी फेकलेली नाही. कपाटात मागे आहे, अडतीस कॅप्सूल शिल्लक असलेली.

परवा दाजी वखारीतून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, नवा माल उतरला, सत्तेचाळीस पोती, पंचावन्न किलोची भरती. मुलगा मोबाईल काढायला लागला. आक्का लसूण सोलत होती. म्हणाली, "ठेव तो." आणि मान खाली घालून अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला लागली. पहिल्या बोटावरून दुसऱ्यावर, मग परत पहिल्यावर. एकदा चुकली, ओठ आवळले, पुन्हा पहिल्या पेरापासून सुरू केलं. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी मान हलवून नाही म्हटलं. दाजी एक चप्पल हातात घेऊन उंबऱ्यात तसेच उभे होते. आत कुकरची दुसरी शिट्टी झाली. मग तिसरी.

"पंचवीस क्विंटल पंच्याऐंशी," आक्का म्हणाली, आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.